पुठ्ठ्याची गिटार

बार्सिलोना शहरातील संगीत-संग्रहालयात एक जुनी गिटार जपून ठेवलेली आहे. ती 1862 साली तयार झाली. समोरून पाहिले तर तिच्यात वेगळे असे काही दिसत नाही. परंतु तिची पाठ आणि तिच्या कुशी लाकडाच्या नसून पुठ्ठ्याच्या आहेत. तंबोऱ्याला जसा भोपळा, तशी गिटारीला पाठ आणि कुशी. नाद घुमतो तो त्या पोकळीत. ती पोकळीच पुठ्ठ्याची करण्याचा हा उद्योग कोणा हौशी माणसाने गंमत म्हणून केलेला नव्हता. ज्याने तो केला तो त्या काळचा स्पेनमधील पहिल्या प्रतीचा गिटार-कारागीर होता. त्याचे नाव आंतोनियो दे तोर्रेस हुरादो.

व्हायोलिनच्या बाबतीत स्त्रादिवारीचे जे स्थान, तेच मैफलीच्या गिटारीच्या बाबतीत तोर्रेसचे. फरक इतकाच की, स्त्रादिवारीचे नाव संगीताशी फारसा संबंध नसलेल्यांच्याही कानावरून गेलेले असते, आणि तोर्रेसचे नाव गिटार वाजवणाऱ्या घरांतदेखील पुष्कळदा ठाऊक नसते. आपल्याकडच्या जुन्या घरांतून आजोबांच्या किंवा थोरल्या काकांच्या वेळची एखादी गिटार कपाटावर धूळ खात पडलेली असते, आणि सुटीच्या दिवसांत घरातील एखाद्या उत्साही माणसाच्या मनात ती पुन्हा वाजती करण्याचे येते. त्याने हातात पटाशी घेण्यापूर्वी या कारागिराचे चरित्र अवश्य समजून घ्यावे. जुन्या वाद्यात काय राखायचे आणि कशाला हात लावायचा नाही, याचे उत्तर त्या चरित्रात आहे.

तोर्रेसचा जन्म 13 जून 1817 रोजी दक्षिण स्पेनमध्ये, आल्मेरिया शहरालगतच्या ला कान्यादा दे सान उर्बानो या वस्तीत झाला. वडील करवसुलीच्या कामावर होते. बाराव्या वर्षी मुलाला सुताराकडे उमेदवारीला ठेवले. रंधा, करवत आणि सरस यांच्याशी त्याची ओळख झाली ती येथे. तो कदाचित आयुष्यभर दारे-खिडक्या आणि मेज-खुर्च्याच करीत राहिला असता. पण 1833 साली राजा सातवा फर्नांदो वारला, आणि त्याची अल्पवयीन मुलगी व त्याचा भाऊ यांच्या पक्षांत गादीसाठी युद्ध पेटले. गादीच्या वारसाचा तंटा म्हणजे काय, हे संस्थानी शहरात वाढलेल्या वाचकांना समजावून सांगायला नको. त्या युद्धासाठी तरुणांची सक्तीने भरती सुरू झाली आणि तोर्रेसही तीत ओढला गेला. वडिलांनी खटपट करून प्रकृतीच्या कारणावरून त्याला सोडवून आणले. पुन्हा बोलावणे येऊ नये म्हणून 1835 साली घाईघाईने त्याचे लग्न उरकले, कारण विवाहितांना भरतीतून सूट होती. नवरा अठराच्या आतबाहेरचा, नवरी तेरा वर्षांची. तिचे नाव हुआना मारिया लोपेस.

या घाईच्या संसाराने तोर्रेसला सुख दिले नाही. 1836, 1839 आणि 1842 साली त्यांना मुली झाल्या. त्यांपैकी तिसरी काही महिन्यांतच गेली, दुसरीही जगली नाही. 1845 साली हुआना क्षयाने वारली, तेव्हा ती अवघी तेवीस वर्षांची होती. तोर्रेसच्या डोक्यावर कर्ज होते. सुतारकामात ते फिटण्यासारखे नव्हते. पोटासाठी त्याला दुसरा धंदा शोधणे भाग पडले, आणि तो शोधता शोधता तो गिटारीपाशी आला. ग्रानाडा येथील होसे पेर्नास या कारागिराकडे तो हे काम शिकला असावा, असे मानतात. पुढे त्याने सेव्हिल येथे बिऱ्हाड केले. तेथे वाद्ये करणाऱ्यांची वस्ती होती आणि गिऱ्हाईकही होते.

गिटार त्या काळी कशी होती, हे ध्यानात घेतल्याशिवाय तोर्रेसचे काम कळत नाही. ती आकाराने लहान आणि अंगाने अरुंद होती. चार माणसांच्या बैठकीत गोड वाजे. मोठ्या दिवाणखान्यात तिचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचत नसे. त्याच सुमारास पियानोचे प्रस्थ वाढत होते आणि त्याच्यापुढे गिटार केविलवाणी वाटू लागली होती. आल्मेरिया प्रांतातलाच हूलियान आर्कास नावाचा एक नामांकित वादक तेव्हा मैफली करीत हिंडत असे. वयाने तो तोर्रेसहून पंधरा वर्षांनी लहान. तोर्रेसच्या हाताचा गुण त्याने ओळखला आणि सुतारकी सोडून पूर्णवेळ गिटारीच कर, असा त्याला आग्रह केला. वादकाला काय हवे ते आर्कासने सांगावे आणि लाकडातून ते कसे निघेल हे तोर्रेसने शोधावे, असा त्यांचा सहवास 1850 नंतरच्या दशकात घडला.

तोर्रेसने एका गोष्टीवर लक्ष एकवटले. तारेचे कंपन घोडीवाटे तबलीला मिळते आणि तबली हवा हलवते, तेव्हा ऐकू येतो तो आवाज. सतार-तंबोऱ्याशी परिचय असणाऱ्यांना तबली हा शब्द नवा नाही; गिटारीच्या अंगावरची, मध्ये गोल भोक असलेली वरची फळी ती हीच. ही फळी जाड असली तर तारेची शक्ती ती हलवण्यातच खर्च होते. पातळ केली तर आवाज मोकळा होतो, पण तारांच्या ओढीने ती खचते. या पेचातून तोर्रेसने वाट काढली. त्याने वाद्याचे अंग मोठे केले, स्प्रूस लाकडाची तबली पातळ केली, तिला दोन्ही दिशांनी किंचित फुगीर बाक दिला, आणि आतून पंख्याच्या काड्यांसारख्या पसरत जाणाऱ्या बारीक पट्ट्या चिकटवून तिला आधार दिला. अशा पट्ट्या त्याच्या आधीही होत्या. सेव्हिलच्या फ्रान्सिस्को सांगिनोने आणि कादिसच्या पाहेस घराण्याने त्या अठराव्या शतकातच वापरल्या होत्या. त्यांची प्रमाणबद्ध, दोन्ही बाजूंनी सारखी मांडणी मात्र तोर्रेसने सिद्ध केली. बहुधा सात पट्ट्या तो वापरी. त्याच्या तबल्या मध्यभागी दोन-अडीच मिलिमीटर आणि कडेला त्याहूनही कमी जाडीच्या आढळतात. तारेची साडेसहाशे मिलिमीटर लांबी आज मैफलीच्या गिटारीला प्रमाण मानली जाते, तीही त्याच्याच वाद्यांमुळे रूढ झाली.

1856 साली त्याने केलेली एक गिटार सिंहीण या अर्थाच्या स्पॅनिश नावाने प्रसिद्ध झाली. ती आर्कासने मैफलींत वाजवली. 1858 साली सेव्हिलच्या प्रदर्शनात तोर्रेसला कांस्यपदक मिळाले. चाळिशी ओलांडलेल्या कर्जबाजारी सुताराला मिळालेली ही पहिली जाहीर पावती.

पुठ्ठ्याची गिटार यानंतर चार वर्षांनी आली. चांगल्या आवाजाचे श्रेय लोक किमती लाकडाला देत. ब्राझीलहून येणाऱ्या शिसवीची पाठ असली म्हणजे वाद्य उत्तम, असा समज होता, आणि तो आजही पुष्कळ ठिकाणी आहे. शिसवी दिसायला देखणी आणि भावाने महाग, म्हणून आवाजही तिचाच, असे धरले जाई. तोर्रेसने वाद घातला नाही. त्याने पाठ आणि कुशी पुठ्ठ्याच्या केल्या, तबली मात्र नेहमीच्या काळजीने घडवली, आणि वाद्य तारा लावून लोकांपुढे ठेवले. पाठीचा काहीच परिणाम होत नाही असा याचा अर्थ नव्हे. आवाजाच्या रंगात तिचाही वाटा असतो. पण गिटारीचा प्राण तबलीत आहे, हे त्याने बोलून नव्हे तर करून दाखवले.

1868 साली तोर्रेसने होसेफा मार्तिन रोसादा हिच्याशी दुसरे लग्न केले. त्यानंतर लवकरच, 1869 साली, फ्रान्सिस्को तार्रेगा नावाचा सतरा वर्षांच्या आतबाहेरचा एक मुलगा गिटार विकत घेण्यासाठी त्याच्याकडे आला. दुकानात तयार होती ती एक साधी गिटार तोर्रेसने त्याला दाखवली. मुलगा वाजवू लागला. ते ऐकल्यावर तोर्रेस आत गेला, आणि काही वर्षांपूर्वी, 1864 साली, स्वतःसाठी करून ठेवलेली गिटार त्याने आणून त्याच्या हाती दिली. पुढे तार्रेगा हा गिटारीचा युगप्रवर्तक ठरला. त्याच्या रचना आज जगभर वाजतात, आणि त्याच्या वादनाबरोबर तोर्रेसच्या वाद्याचे नाव देशोदेशी गेले.

नाव गेले, पण पैसा आला नाही. 1870 च्या सुमारास सेव्हिलचे दुकान बंद करून तोर्रेस आल्मेरियाला परतला आणि तेथे पतिपत्नींनी चिनी मातीच्या व काचेच्या भांड्यांचे दुकान थाटले. ज्याच्या हाताला स्पेनमध्ये तोड नव्हती, तो माणूस त्रेपन्नाव्या वर्षी कपबशा विकू लागला. परंतु हात स्वस्थ बसेनात. पाचेक वर्षांनी दुकानाच्या फावल्या वेळात घरीच त्याने पुन्हा गिटारी करण्यास आरंभ केला. या वाद्यांच्या आतल्या चिठ्ठीवर तो दुसरा कालखंड असे छापून क्रमांक घालू लागला, आणि तो क्रमांक अखेरपर्यंत दीडशेच्या पुढे गेला. 1883 साली होसेफाही वारली. त्यानंतर तो अधिकाधिक वेळ याच कामात घालवू लागला. वर्षाला डझनभर वाद्ये त्याच्या हातून होत. यांतील कित्येक अगदी साध्या गिऱ्हाइकांसाठी, साध्या लाकडाची, तुकडे जोडून केलेली आहेत. तबलीची काळजी मात्र तीच.

म्हातारपणी त्याचे हात कापत. शेजारधर्म म्हणून हुआन मार्तिनेस सिर्व्हेंत नावाचा एक पाद्री त्याला कामात मदत करी, आणि त्याच्याच आठवणींतून ती अखेरची वर्षे आपल्याला कळतात. एकदा काही प्रतिष्ठित मंडळींसमवेत जेवणाचा प्रसंग होता. कारागिरीचे गुपित बरोबर घेऊन जाऊ नका, मागे ठेवा, अशी विनंती तेथे तोर्रेसला झाली. त्यावर त्याने सांगितले ते असे की, गुपित ठेवून जाणे आपल्या हाती नाही. तबली अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरली म्हणजे ती पुरती उतरली की नाही हे बोटे मनाला सांगतात, यापलीकडे गुपित असे काही नाही. 19 नोव्हेंबर 1892 रोजी आल्मेरिया येथे तो वारला.

त्याच्या चरित्राची नीट जुळणी व्हायला पुढे जवळजवळ शंभर वर्षे लागली. ती करणारा होसे रोमानियोस हाही मुळात सुतारच. तो माद्रिदचा. पोटासाठी 1956 साली इंग्लंडला गेला आणि तेथे घरीच फावल्या वेळात गिटारी करू लागला. जुन्या वाद्यांच्या पोटात आरसा घालून, पट्ट्या मोजून, चर्चच्या आणि सरकारी दप्तरांतून जन्म-मृत्यूच्या नोंदी काढून त्याने 1987 साली तोर्रेसचे चरित्र प्रसिद्ध केले. रोमानियोस 2022 साली निवर्तला. एका सुताराचे मोल दुसऱ्या सुतारानेच जाणले, असे म्हणावयास हरकत नाही.

आता आपल्या कपाटावरच्या गिटारीकडे वळू. ती तोर्रेसची असण्याचा संभव नाही. तरी तोर्रेसने जे सिद्ध केले ते तिलाही लागू आहे. तिचा आवाज तबलीत आहे, म्हणून दुरुस्तीचा पहिला नियम हा की, तबली रंध्याने किंवा पॉलिश कागदाने घासू नये. जुन्या फळीचा अर्धा मिलिमीटर गेला तर तो परत आणता येत नाही, आणि दोन मिलिमीटरच्या फळीत अर्धा मिलिमीटर म्हणजे चौथा हिस्सा. काळवंडलेले अंग चकचकीत करण्याच्या हौसेपायी जितकी जुनी वाद्ये मुकी झाली असतील तितकी वाळवीने झाली नसतील.

आधी तारा सैल कराव्यात आणि वाद्य नुसते पाहावे. गोल भोकातून लहान दिवा आणि लहान आरसा आत घातला की पट्ट्या दिसतात. बोटाच्या पेराने तबलीवर ठिकठिकाणी हलके ठोकून पाहावे. जेथे फुटक्या मडक्यासारखा आवाज येईल तेथे आतली पट्टी सुटली आहे असे समजावे. आतील चिठ्ठी कितीही फाटली असली तरी काढू नये. वाद्याची जन्मपत्रिका तीच. चिरा दिसल्या तर लगेच सरस ओतण्याची घाई करू नये. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसते आणि पुष्कळ चिरा त्यानेच उघडतात. वाद्य काही आठवडे पन्नास टक्क्यांच्या आसपास दमट असलेल्या हवेत ठेवले तर त्या आपोआप मिटत येतात, आणि मग त्या सांधणे सोपे होते. ऐन पावसाळ्यात मात्र हे काम हाती घेऊ नये. फुगलेल्या लाकडात सांधलेली चीर वैशाखात पुन्हा उघडते.

सांधण्यासाठी तोर्रेसने वापरला तोच जनावरांच्या कातड्याचा सरस आजही उत्तम. तो थंड पाण्यात भिजवून, पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून साठ अंशांच्या सुमारास तापवावा. उकळू देऊ नये, नाहीतर त्याची पकड जाते. त्याचा मोठा गुण असा की, पन्नास वर्षांनी कोणाला तो सांधा उघडावा लागला तर ऊब आणि ओलावा देऊन उघडता येतो. बाजारातले आजचे दोन नळ्यांचे चिकट रसायन पक्के बसते, हाच त्याचा दोष. ते निघत नाही. निघते तेव्हा लाकूड घेऊन निघते. चीर मिटल्यावर आतून तिच्यावर आडव्या रेषांची स्प्रूसची लहानशी चकती चिकटवावी. घोडी उचलली गेली असेल तर सुरी घालून उपटू नये. पातळ पाते गरम करून ते हळूहळू खाली सरकवावे आणि सरस मऊ होईल तसतसे पुढे न्यावे.

अंगावरचे जुने पॉलिश बहुधा लाखेचे असते. पळस, बोर, कुसुम या आपल्याच झाडांवरील किड्यांची ही लाख शतकानुशतके हिंदुस्थानातून युरोपात जात आली आहे. ते पॉलिश खरवडून नवे देऊ नये. ओलसर, घट्ट पिळलेल्या फडक्याने मळ काढावा आणि जेथे लाकूड उघडे पडले असेल तेवढ्यापुरतेच चपड्याचे पातळ पॉलिश बोळ्याने द्यावे. पाठ तडकली असेल तर ती बदलण्याचे मनातही आणू नये. ब्राझीलच्या शिसवीचा आंतरराष्ट्रीय व्यापार 1992 साली बंद झाला. त्याआधीपासूनच परदेशी कारखाने आपल्या दक्षिणेकडची शिसवी वापरू लागले होते. जुनी पाठ फुटली तरी सांधावी, कारण तशी दुसरी मिळणे कठीण.

शेवटची गोष्ट तारांची, आणि घरगुती दुरुस्तीत सर्वांत जास्त घात होतो तो येथे. तोर्रेसच्या गिटारीला आतड्याच्या तारा असत. 1940 नंतरच्या दशकात त्यांची जागा नायलॉनने घेतली. अशा सहा तारांची एकूण ओढ चाळीस किलोच्या आसपास असते. पोलादी तारांची तिच्या जवळजवळ दुप्पट. पोलादी तारांसाठी केलेली गिटार वेगळी, तिच्या आतल्या पट्ट्या जाड आणि फुलीच्या आकारात बसवलेल्या. पंख्याच्या पट्ट्यांची नाजूक गिटार महिनाभर मेहनत करून सांधली आणि आवाज मोठा यावा म्हणून तिला पोलादी तारा चढवल्या, तर तिची घोडी उखडते किंवा तबली खचते, आणि दोन्ही खेपेस दोष वाद्याच्या म्हातारपणाला दिला जातो.

दांडी वाकलेली असेल किंवा तबली मधोमध खचलेली असेल, तर ते काम जाणत्या कारागिराकडेच न्यावे. घरी करण्याजोगे काम सुटलेली पट्टी, मिटणारी चीर, मळलेले अंग आणि बदलायच्या तारा एवढेच. आणि बहुतेक जुन्या गिटारींना तेवढेच पुरते. सांधलेल्या गिटारीची पहिली तार जुळवण्यापूर्वी आंतोनियो तोर्रेसप्रमाणे तबलीवर बोटे ठेवून पाहावीत. ती पातळ आहे, हलकी आहे आणि अजून शाबूत आहे, एवढे बोटांना कळले म्हणजे काम चांगले झाले असे समजावे.